पावसाखालची हाक

मी भित्रा माणूस हाय, हे आधीच सांगून टाकतो. गडमुडशिंगीत माझं खताचं दुकान हाय, आवाज खणखणीत हाय, आणि पायरीवर उभा राहून मी एक शिवी हासडली तर समोर चहा पिणारा माणूस कप खाली ठेवतो. त्यामुळं लोकांना वाटतं, दादासो मगदूम म्हणजे वाघ. कसला वाघ आणि कसलं काय! माझ्या दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सात वाजता कोल्हापुरात एका दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर जाऊन झोपायचं. हातात दोन जाड सुया घालतात. एकीतनं रक्त बाहेर जातं, मशीनमधनं धुऊन निघतं, दुसरीतनं परत आत येतं. चार तास. ते चार तास मी आतनं लटपटत असतो आणि वरनं सगळ्यांवर गुरगुरत असतो. माझी बायको त्रिशला म्हणते, तुम्हाला भ्या वाटलं की तुम्ही ओरडता, एवढंच हाय ते.

पण हे माझं पुराण न्हाय. हे आक्काताईंचं हाय.

आक्काताई माझ्या शेजारच्या खाटेवर. वय साठीच्या आत-बाहेर, अंगानं काडी, कपाळावर हिरवं गोंदण. चिखलीच्या अंगाला नदीकाठी त्यांचा मळा. त्यांची सून निशा गाडीवरनं आणून सोडायची. दीड वर्षं आम्ही हातभर अंतरावर झोपलो, पण त्या माझ्याशी दहा वाक्यं बोलल्या नसतील. आल्या की मुकाट्यानं हात पुढं करायच्या. सुई घालताना "आई गं" सुद्धा न्हाय. मग डोळे मिटायच्या. मला वाटायचं, काय नशीब हाय बघा, माझा डोळ्याला डोळा लागत न्हाय आणि ही बाई पडल्या पडल्या झोपते.

समोरच्या दोन खाटांवर गणपती आणि संयोगिता मॅडम. गणपती मुरगूडचा, एसटीचा रिटायर ड्रायव्हर. मॅडम कॉलेजात शिकवतात. आणि मशीन बघायला प्रसेनजीत. तिशीतला गडी, दोन लेकरांचा बाप, बोलणं कमी, पण त्याचा हात सुईवर असला की मला धीर येतो.

आधी खोलीत टीव्ही होता. तो बंद पडला, बरं झालं, कारण त्याच्यावरनं रोज भांडणं व्हायची. मग मोबाईलवर गाणी लावायचं ठरलं तर त्याच्यावरनं आणखी भांडणं. मला सकाळी स्तवन पाहिजे, गणपतीला भजन पाहिजे, मॅडमना दोन्ही नको. शेवटी प्रसेनजीत वैतागला. त्याच्या घरी सकाळी बुद्धवंदना असते, पण ती त्यानं कधी इथं लावली न्हाय. तो म्हणाला, "आजपासून शब्दच नकोत. देव नको, गायक नको. नुसता आवाज लावायचा, मागं चालू राहील असा. चार माणसं, चार तास. प्रत्येकाला आपल्या आवडीचा एक तास. विषय संपला."

दुसऱ्या दिवशी तो पेढ्याच्या बॉक्सएवढा स्पीकर घेऊन आला.

मॅडमनी तंबोरा मागितला. नुसता तंबोरा, गाणं न्हाय, काय न्हाय. गणपतीनं पहिल्या दिवशी तासभर वाट बघितली आणि म्हणाला, "मॅडम, बुवा आलेला दिसत न्हाय." त्यांना एवढं हसू आलं की मशीन पिपाणीगत वाजायला लागली. गणपतीनं काय मागावं? एसटीच्या इंजिनाची घरघर! डेपोतल्या दोस्तानं राधानगरीच्या रस्त्यावर तासभर मोबाईल धरून आणलेली. ती सुरू झाली की दोन मिनिटांत गणपती घोरायचा आणि मॅडम म्हणायच्या, "प्रसेनजीत, मला गाडी लागते हो, पिशवी द्या." आणि मी मागितला पाऊस.

का, ते सांगतो. आमच्यासारख्यांना दिवसाला एक लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळी गिळायचा घोट आला. तहान म्हणजे काय असते ते तुम्हाला सांगून कळायचं न्हाय. पत्र्यावर पाऊस पडतोय, पन्हाळीतनं पाणी धो धो वाहतंय, असा आवाज कानात गेला की माझी जीभ ओली झाल्यागत वाटायचं. मॅडमचं नेमकं उलटं. त्या म्हणायच्या, "काका, तुमचा पाऊस ऐकून मला दुप्पट तहान लागते. जरा कमी करा ना." मी म्हणायचो, "कानात बोळे घाला." त्या बिचाऱ्या माझ्या तासात दुसरंच काहीतरी कानात लावून पडायच्या.

राहिला आक्काताईंचा तास. प्रसेनजीतनं त्यांना विचारलं, "मावशी, तुम्हाला काय लावू?" त्या म्हणाल्या, "काय बी लावा." त्यानं दोन-तीनदा विचारलं, तेच उत्तर. मग मी मध्ये तोंड घातलं. "काय बी चालतंय म्हणत्यात की त्या! माझाच पाऊस पुढं चालू ठेव." झालं. एका बाईनं काही मागितलं न्हाय म्हणून तिचा तास मी गिळला. आठ ते दहा, दोन तास पाऊस, आणि तोही मोठ्यानं, कारण मशीनची टकटक ऐकू आली की मला भ्या वाटायचं.

त्या दोन तासांत आक्काताईंचा बीपी घसरायचा. दर खेपेला. प्रसेनजीत पळत यायचा, त्यांचे पाय वर करायचा, सलाईन सोडायचा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. पावसावर कुणाचा संशय गेला न्हाय. माझा तर न्हायच न्हाय.

फेब्रुवारीतला गुरुवार. एसी गार, त्यात स्पीकरवर धो धो पाऊस, मला हुडहुडी भरली. सुईचा हात झाकायचा न्हाय, हे प्रसेनजीतनं मला शंभरदा सांगितलंय. पण कुणाचं ऐकेल तो दादासो कसला! शाल घेतली आणि हातासकट गुंडाळून पडलो. थोड्या वेळानं शालीखाली कोमट कोमट लागायला लागलं. मला वाटलं, ऊब आली. खरंच, तुमची शपथ, मला छान वाटलं.

मग कानात शिट्टी वाजायला लागली. नजर खाली गेली तर शाल काळी पडलेली. एक सुई निसटली होती. मशीन माझं रक्त ओढून घेत होती आणि परत आत यायच्या ऐवजी ते शालीत जात होतं. मशीननं बोंब मारायला पाहिजे होती. मारली न्हाय. अशा वेळी कधी कधी मशीनला लगेच कळत न्हाय, हे मला मागनं समजलं. प्रसेनजीत पलीकडं पाण्याच्या प्लांटपाशी. गणपती घोरतोय. मॅडमच्या कानात त्यांचं त्यांचं. त्रिशला बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेली. मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझा आवाज, ज्याच्या जोरावर मी जन्मभर दुकान चालवलं, तो आलाच न्हाय. मरणाची भीती काय असते ते मला त्या घडीला कळलं. मी त्रिशलाला हाक मारली, घरात मारतो तशी, "अगं..." दोनदा मारली. माझी मला ऐकू आली न्हाय. वर माझाच पाऊस कोसळत होता.

आणि आक्काताई ताडकन उठून बसल्या. सुया हातात तशाच. जीव खाऊन ओरडल्या, "ओढा! ओढा त्यास्नी! वर ओढा!"

गणपती दचकून उठला, प्रसेनजीत धावत आला, त्यानं शाल फेकली, नळी दाबली, हात दाबला. एवढं दिसलं आणि मग मला काही दिसलं न्हाय. रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. शुद्धीवर आल्यावर मी त्रिशलाला म्हटलं, "तुला हाक मारली गं." ती म्हणाली, "मला न्हाय आली हो ऐकू," आणि पदरानं डोळे पुसत बसली. प्रसेनजीत म्हणाला, अजून दोन-तीन मिनिटं गेली असती तर काही करता आलं नसतं.

शनिवारी आम्ही साडी आणि नारळ घेऊन गेलो. आक्काताईंचा मान करायचा होता. त्यांची खाट मोकळी होती.

आमच्या खोलीत मोकळ्या खाटेबद्दल कुणी विचारत न्हाय. तशी रीतच पडलीय. माझ्या आधी माझ्या खाटेवर कोण होतं, हे मी दीड वर्षात विचारलेलं न्हाय. पण त्या दिवशी मी विचारलं. प्रसेनजीतनं फोन लावला. निशा म्हणाली, "त्या येत न्हाय म्हणत्यात. का ते सांगत न्हाईत." मंगळवारीही खाट मोकळी. मशीनच्या दोन पाळ्या चुकल्यावर काय होतं हे आम्हाला सगळ्यांना पाठ हाय. अंगात पाणी साठतं, ते छातीत चढतं, माणूस बसल्या जागी बुडतो. प्रसेनजीत माझ्या खाटेशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "काका, आज आणता आलं तर बघा. मी दुपारी एक मशीन मोकळी ठेवतो. उद्यावर गेलं तर सांगता येत नाही."

माझं अकराला संपलं. हाताला पट्टी तशीच ठेवून गाडीत बसलो. मी आजारी पडल्यापास्नं गाडी त्रिशलाच चालवते. ती चालवते, मी ओरडतो. त्या दिवशी ओरडलो न्हाय. शिवाजी पूल ओलांडताना मी नदीकडं बघितलं सुद्धा न्हाय, नुसता घड्याळाकडं बघत होतो. आपण पोचू आणि दारात माणसं जमलेली असतील, हेच डोळ्यापुढं येत होतं.

दारात कोणी नव्हतं. आत आक्काताई गुंडाळलेल्या वाकळेला टेकून बसल्या होत्या, कारण आडवं पडलं की श्वास कोंडत होता. पाय टम्म सुजलेले. श्वास घेताना घशात घुरघुर व्हायची. निशा आम्हाला बघून रडायलाच लागली. "सांगून सांगून दमलो मामा. तोंडच उघडंनात."

आणि मी काय करावं? हात जोडायचे सोडून मी ओरडलो! "मरायचं हाय का तुम्हाला? मला वाचवून स्वतः जायचं, ही कुठली रीत?"

त्यांनी निशाला चहा टाकायला आत धाडलं. मग थांबत थांबत बोलल्या.

"पावणं, तुमचा पाऊस लागला की मी झोपत न्हाय. ऐकत असते."

"काय ऐकता?"

"खालनं कोण हाक मारतंय का."

एकोणीसच्या महापुरात, भर दुपारी, त्या आणि त्यांचे मालक घराच्या स्लॅबवर अडकले होते. गोठ्यात चार म्हशी दावणीला बांधलेल्या. पाणी चढायला लागलं तशा म्हशी हंबरायला लागल्या. मालकांनी कमरेला कासरा बांधला, दुसरं टोक ह्यांच्या हातात दिलं आणि म्हणाले, दावी कापून येतो. झालं की 'अगं' म्हणून हाक मारीन, तवा ओढ. ते उतरले. पाण्याचा आवाज एवढा की म्हशींचं हंबरणं सुद्धा बुडालं. ह्या कासरा धरून कान लावून बसल्या. हाक काही आली न्हाय. कासरा हातात सैल पडला तवा ओढला, तर नुसता कासराच वर आला.

"सगळ्यांनी मला एकच सांगितलं," आक्काताई म्हणाल्या, "त्या पाण्यात कुणाची हाक ऐकू येणार बाई? कुणाचीच न्हाय. त्याच्यावर मी आजवर जगले. आणि पावणं, त्या दिवशी तुमची आली की! एवढ्या पावसात, तुमच्यात जीव नव्हता, तरी 'अगं' ऐकू आलं. मग त्यांची मला का आली न्हाय? माझं ध्यान कुठं होतं?"

मला वाचवलं त्याचंच त्यांना हे फळ मिळालं होतं. आणि तो पाऊस कुणाचा? माझा. तास कुणाचा बळकावलेला? त्यांचा.

आता एक सांगितलं पाहिजे. गेल्या दशलक्षण पर्वात, उत्तम सत्याच्या दिवशी, मी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मुनीमहाराजांपुढं नेम घेतला होता. खोटं बोलायचं न्हाय. जन्मभर दुकानदारी केली, जाताना तरी जीभ स्वच्छ असावी म्हणून. त्रिशला शेजारीच उभी होती. तिनं तर लग्नाआधीपास्नं तो नेम पाळलाय. घरात असून "घरात न्हाईत म्हणून सांग" म्हटलं तर ती मलाच फोन आणून देते.

मी म्हटलं, "कुणी हाक मारली? मी?"

आक्काताईंनी टेकलेलं डोकं उचललं.

"मी तोंडसुद्धा उघडलं न्हाय. माझी शुद्धच गेलती. फरशीवर रक्त टपकत होतं, तुमचे डोळे उघडले असतील, तुम्ही बघितलं असंल. हाक तुमच्या मनातली. इतकी वर्षं कान लावून बसलाय, भास व्हायचाच की!"

"पण मला ऐकू आलं."

"भास हो आक्काताई."

त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी मान वळवून त्रिशलाला विचारलं, "व्हय वहिनी? तुम्ही तर दाराबाहेरच होता."

त्रिशलानं माझ्याकडं बघितलं न्हाय. ती खाली बसली, आक्काताईंचा सुजलेला पाय तिनं मांडीवर घेतला आणि म्हणाली, "ह्यांनी हाक मारलीच न्हाय. मारली असती तर मला आली नसती का? ह्यांचा आवाज तुम्हाला ठाऊक हाय की."

आक्काताई रडायला लागल्या. रडताना श्वास पुरेना. मी आणि निशानं त्यांना धरून गाडीत बसवलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक श्वासागणिक मागनं घुरघुर यायची, आणि मध्येच ती थांबायची तेव्हा मी देवाचं नाव घ्यायचो. आयुष्यात एवढा भ्यालो न्हाय, माझी सुई निसटली तेव्हा पण न्हाय. प्रसेनजीत लिफ्टपाशी खुर्ची घेऊन उभा होता. दोन तास मशीनवर गेल्यावर त्यांचा श्वास मोकळा झाला. मी जिन्यात बसून हमसून हमसून रडलो.

पुढं दोन-तीन पाळ्या प्रसेनजीतनं स्पीकर लावलाच न्हाय. मग नुसती मशीनची टकटक. गणपतीला झोप येईना, मॅडम आढ्याकडं बघत पडायच्या. तेव्हा समजलं, आवडी वेगवेगळ्या असल्या तरी भीती सगळ्यांची एकच होती.

मग एका शनिवारी आक्काताई आपल्या आपण बोलल्या. "प्रसेनजीत, माझा तास हाय न्हवं? पाऊस लावा."

"नको नको!" मी ओरडलो.

"लावा. आणि पावणं, मला एकदा बघू दे. मी डोळे मिटते. त्या दिवशी होता तेवढा मोठा करा, आणि तुम्ही 'अगं' म्हणून हाक मारा. बारीक."

प्रसेनजीतनं माझ्याकडं बघितलं. पाऊस लागला. आक्काताईंनी डोळे मिटले, कपाळावर आठी पडली, सगळं अंग कानात गोळा झालं. मी त्यांच्याकडं मान वळवली. तोंड उघडलं. ओठ हलवले, दोनदा. आवाज काढला न्हाय.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले. "मारली?"

"दोनदा मारली," मी म्हटलं.

समोरनं मॅडम म्हणाल्या, "मारली मावशी, मी बघितलं." त्यांनी ओठच बघितले होते, त्यांची काही चूक न्हाय.

"न्हाय आली ऐकू," आक्काताई म्हणाल्या. आणि परत, स्वतःशीच, "न्हाय आली बघा." डोळ्यांतनं पाणी उशीवर गेलं. पाच मिनिटांत त्या झोपल्या. तोंड उघडं, बारीक घोरणं. प्रसेनजीतनं बीपी बघितला, घसरला नव्हता.

तेव्हापास्नं आपल्या तासाला त्या पाऊसच मागतात आणि झोपतात. माझा तास मी प्रसेनजीतला देऊन टाकलाय, त्याला पाहिजे ते लाव म्हटलं. मला आता पाऊस सोसत न्हाय. ह्या खोलीत एक माणूस पावसाखालनं कान लावून जागं होतं, ते मीच झोपवलं. आता माझी सुई निसटली तर कोण ऐकणार? गणपतीची निसटली तर? म्हणून आक्काताईंच्या तासात मी जागा असतो. हात शालीबाहेर ठेवतो, चौघांच्या हातांकडं आळीपाळीनं बघतो, आणि कान पावसाखाली लावतो.

गेल्या गुरुवारी मला त्या पावसाच्या आवाजाखालनं "अगं" ऐकू आलं. स्पष्ट. मी चटकन सगळ्यांकडं बघितलं. गणपतीचा हात ठीक, मॅडमचा ठीक, आक्काताईंचा ठीक, माझा ठीक, मशीन आपापल्या चाललेल्या. शेजारी आक्काताई गाढ झोपल्या होत्या. मी त्यांना उठवलं न्हाय.